पेन्शन आलो, आता पुढं काय? वाचकांचे प्रश्न, एका फौजीची उत्तरं

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की फौजेतून बाहेर पडताना किंवा पडल्यावर काय अडतंय ते मोकळेपणानं लिहून पाठवा, तर सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, नाशिक असं सगळीकडून लोकांनी लिहिलं, घरच्यांनीही लिहिलं. मी स्वतः सुभेदार म्हणून पेन्शन आलोय आणि तेव्हापासून आमच्या तालुक्यातल्या पोरांचे कागद, अर्ज, बायोडाटे बघतोय, त्यामुळं जे अनुभवलंय तेच सांगतो. नावं छापत नाही. सारखेच प्रश्न एकत्र घेतलेत.

जय हिंद साहेब. मी खटाव तालुक्यातला, हवालदार, ट्रेड एसकेटी. पुढच्या वर्षी पेन्शन येतोय, तेव्हा २६ वर्षं सर्व्हिस होईल आणि वय ४५. शिक्षण बारावी. आधी पेन्शन आलेले गावातले बरेच जण हिंजवडी नाहीतर चाकणला सिक्युरिटीत आहेत, ते म्हणतात बायोडाटा दे, लगेच लावतो. दुसरं काही मिळेल का, का जावं त्यातच?

हवालदारसाहेब, जय हिंद. तुमच्या हातात अजून वर्ष आहे ही मोठी गोष्ट आहे, कारण बहुतेकांचं पत्र पेन्शन आल्यावर सहा महिन्यांनी येतं आणि तोपर्यंत निम्म्या वाटा बंद झालेल्या असतात.

सिक्युरिटीचं काम हलकं आहे असं मी कधीच म्हणणार नाही, प्रामाणिक काम आहे. पण तुम्ही एसकेटी म्हणजे स्टोअरकीपर टेक्निकल आहात, आयुष्यभर स्टोअर सांभाळलंय आणि आता बारा-बारा तास गेटवर उभं राहून गाड्यांचे नंबर लिहिणार, हे मला पटत नाही. चाकण, तळेगावच्या गाड्यांच्या कंपन्या, त्यांना पार्ट पुरवणारे छोटे कारखाने, भिवंडीची गोदामं, या सगळ्यांना स्टोअर सांभाळणारा माणूस लागतोच. बिन कार्ड तिथंही असतं, इश्यू-रिसीट तिथंही असते, वर्षाअखेरीला स्टॉक मोजणी तिथंही होते. फरक एवढाच की ते त्याला इन्व्हेंटरी म्हणतात आणि लेजर कॉम्प्युटरवर असतं.

अडचण बायोडाटाची आहे. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ बायोडाट्यांत असं असतं, "एसकेटी, २६ वर्षं सेवा, जम्मू-काश्मीर, राजस्थान, आसाम येथे कार्यरत, शिस्तप्रिय व प्रामाणिक." आता एचआरमध्ये बसलेल्या पंचविशीतल्या मुलीनं यातून काय समजायचं सांगा, तिला एसकेटी माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. तेच असं लिहा, "वाहनांच्या सुट्या भागांचं स्टोअर सांभाळलं, एवढ्या एवढ्या प्रकारचे पार्ट, हाताखाली एवढी माणसं, दरवर्षी संपूर्ण स्टॉक मोजणी, ऑडिटला सामोरं गेलो, खराब माल वेगळा काढून त्याचे कागद पूर्ण केले." आकडे तुमचे खरे टाका, आठवत नसतील तर आत्ता युनिटमध्ये आहात तोपर्यंत लेजर बघून लिहून घ्या, बाहेर आल्यावर कोण दाखवणार. गोपनीय काही लिहायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको. आणि वर पदाचं नाव लिहा, स्टोअर इनचार्ज किंवा वेअरहाऊस सुपरवायझर, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस कुठं बसवायचा.

दुसरं, डीजीआरचा कोर्स. दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय पेन्शनच्या आधी जवान आणि जेसीओंसाठी, म्हणजे नायब सुभेदार-सुभेदारांसाठी, कोर्स घेतं, जवान-जेसीओंना फी लागत नाही, आणि मटेरियल मॅनेजमेंट, लॉजिस्टिक्स असे विषय त्यात असतात. अर्ज युनिटमार्फतच जातो. बरेच जण काय करतात, घराजवळ राहायला मिळतंय म्हणून जो मिळेल तो कोर्स घेतात आणि तेवढे महिने घराचं बांधकाम बघतात. मी समजू शकतो, इतकी वर्षं बाहेर काढल्यावर घरी यावंसं वाटतंच. पण पुन्हा असं बसवून, पगार चालू ठेवून कुणी शिकवणार नाही. सोबत एक्सेल शिका, अगदी रोज अर्धा तास, युनिटच्या क्लार्कला चहा पाजा आणि त्याच्या शेजारी बसा.

आता सरकारी नोकरी. राज्य सरकारच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्रात गट क ला १० आणि सरकारी बँकांत क्लार्कला साडेचौदा टक्के. वयाला घाबरू नका. केंद्राचा हिशोब असा की तुमच्या वयातून सर्व्हिस वजा करायची, ४५ वजा २६ म्हणजे १९, आणि हे उत्तर त्या पदाच्या वयोमर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त भरायला नको, म्हणजे तुम्ही आरामात बसता. शिक्षणाचंही तसंच, पंधरा वर्षं सर्व्हिस झालेल्या दहावी पास फौजीला गट क च्या ज्या पदांना नुसती पदवी मागतात, तांत्रिक काही नाही, तिथं पात्र धरतात. प्रत्येक जाहिरातीत माजी सैनिकांचा वेगळा परिच्छेद असतो तो शब्दन् शब्द वाचा. आणि पेन्शनला वर्ष राहिलं की युनिटची एनओसी घेऊन आत असतानाच अर्ज करता येतो, तेव्हा तुमची वेळ आत्ताच सुरू झालीय.

एक इशारा देतो, यात पोरं फार फसतात. माजी सैनिक कोट्यातून एकदा सरकारी नोकरीत रुजू झालात की पुढच्या भरतीला तो कोटा संपला. घाईघाईत शिपायाच्या जागेवर रुजू झाला आणि दोन महिन्यांनी क्लार्कचा निकाल लागला तर काय करणार? केंद्राच्या नियमात यावर सोय आहे, रुजू होताच आधी जिथं जिथं अर्ज केलेत त्याची तारीखवार यादी स्वतःच्या सहीनं त्या ऑफिसला द्यायची, म्हणजे त्या अर्जांपुरता लाभ शिल्लक राहतो. यादी दिल्याची पोच घेऊन ठेवा. खासगी नोकरी केली तर मात्र कोटा जात नाही, त्यामुळं स्टोअरची नोकरी करत करत परीक्षा देता येतात.

आणि यातलं काहीच लवकर जमलं नाही तर डीएससी, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर आहे, तिथं परत वर्दीत जाता येतं, पेन्शन चालू राहून वर पगार, पण डिस्चार्जनंतर ठरावीक मुदतीतच घेतात, तेव्हा फार विचार करत बसू नका. सिक्युरिटीतच जायची वेळ आली तर कुठल्याही ठेकेदाराकडं जाण्याआधी मेस्कोत, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळात, नाव नोंदवा.

माझ्या मिसेसचं नाव डिस्चार्ज बुकात मंगलबाई आहे आणि आधारवर मंगल. मित्र म्हणतात काही होत नाही. खरंच काही होत नाही का? (जत)

आज काही होणार नाही. तुमच्या माघारी होईल, आणि तेव्हा धावपळ करायला तुम्ही नसाल, त्या असतील. फॅमिली पेन्शनच्या वेळी रेकॉर्डमधलं नाव एक आणि आधार-बँकेतलं दुसरं म्हणून बायाबापड्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्यांवर कागदाची पिशवी घेऊन बसलेल्या मी बघितल्यात, आणि ते बघवत नाही. जे अजून सर्व्हिसमध्ये आहेत त्यांनी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधली नोंद बदलायचा युनिटचा आदेश, काढून नाव, जन्मतारीख, मुलांची नावं सगळं आधारशी जुळवून घ्या, हे काम आतमध्ये सोपं असतं. तुम्ही बाहेर आलाय, तर ॲफिडेव्हिट करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा आणि दुरुस्तीचं पत्र आल्यावर स्पर्शवरही, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या वेबसाइटवरही, नाव बरोबर दिसतंय का बघा. पेन्शनचं खातं मिसेससोबत जॉइंट ठेवा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो हे त्यांनाही माहीत असू द्या.

काका नमस्कार. माझे मिस्टर मागच्या वर्षी पेन्शन आले. आल्यापासून दोन नोकऱ्या सोडल्या, दुसऱ्या ठिकाणी पंचवीस-सव्वीस वर्षांचा सुपरवायझर "ए काका" म्हणाला म्हणून भांडून आले. घरी सगळ्यांना पहाटे पाचला उठवतात, मुलाच्या कपाटाची तपासणी करतात, जरा मनाविरुद्ध झालं की ओरडतात. रात्री झोप नाही. प्यायचं पण वाढलंय. वीस वर्षं ते यायची वाट बघितली आणि आता वाटतं सुट्टीवर यायचे तेच बरं होतं. असं वाटणं चूक आहे का? (गडहिंग्लज तालुका)

ताई, अजिबात चूक नाही. असं पत्र लिहायला हिंमत लागते.

वीस वर्षं हे घर तुम्ही चालवलंय. सासू-सासऱ्यांचं दुखणं, पोरांच्या शाळा, शेतीचं पाणी, भाऊबंदकी, सगळं. ते वर्षातून दोन महिने सुट्टी यायचे आणि त्या दोन महिन्यांत सगळे त्यांच्या मनासारखं करायचे, चिकन आणायचे, पाहुण्यांकडं जायचे. आता ते कायमचे आलेत आणि त्यांना दिसतंय की या घरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्याशिवाय चालते. तिकडं एका दिवसात वर्दी गेली, रोलकॉल गेला, रोज सोबत जेवणारी माणसं गेली, बोलायची भाषा गेली, आणि हाताखालच्या पोरांनी "हवालदारसाब" म्हणायचं थांबवलं. सव्वीस वर्षांचा पोरगा "ए काका" म्हणतो तेव्हा त्याला ते काहीच वाटत नाही, पण यांना मात्र आपली सगळी सर्व्हिस पुसल्यासारखी वाटते. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाहीये. पोरावर ओरडणं, घराची बराक करणं हे चूकच आहे आणि ते त्यांना सांगायला हवं, पण रागाच्या वेळी नाही, सकाळी चहाच्या वेळी, दोघंच असताना.

माझा अनुभव सांगतो, रिकाम्या फौजीला सल्ला देऊन उपयोग होत नाही, त्याला काम लागतं आणि ते पूर्ण त्याचं लागतं. घरातलं एक अख्खं खातं त्यांच्याकडं सोपवा, समजा सासऱ्यांचा दवाखाना, म्हणजे ईसीएचएसची (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नोंदणी, पॉलिक्लिनिकची तारीख, औषधं, सगळं तेच बघतील आणि त्यात तुम्ही बोलायचं नाही. बाकीचं तुमच्याकडंच राहू दे, तुमच्या हातातून सगळं काढून घेऊन त्यांना बरं वाटेल असं नाही, उलट दोघांची चिडचिड होईल. मुलाचं कपाट मुलाचं.

नोकरीचं म्हणाल तर त्यांना पोरांच्यात आणि मैदानावर जास्त बरं वाटेल असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तुमच्या भागात पोलीस भरती, सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यानं पळत असतातच. त्यांना सोळाशे मीटरचा टायमिंग कसा कमी करायचा, गोळा कसा फेकायचा हे सांगणारा माणूस हवा असतो. मिस्टरांना म्हणावं काही दिवस नुसतं जाऊन बघा, पैसे न घेता. पहाटे पाचला उठवायला त्यांना तिथं हक्काची माणसं मिळतील. जमलं तर मग एखाद्या अकॅडमीत शिकवायला जाता येईल. फक्त लगेच कर्ज काढून स्वतःची अकॅडमी, पोरांचं हॉस्टेल, असलं काही करू देऊ नका, त्यात आमचे बरेच जण बुडालेत.

आता झोप आणि दारू. झोप न येणं, दचकून उठणं, एकदम संताप, एकटं एकटं राहणं, हे महिनोन् महिने चाललं असेल तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका, ते दुखणं आहे आणि त्याला उपचार आहेत. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचार डॉक्टरकडं रेफर करून मिळतं. ते तयार होत नसतील तर आधी तुम्ही फोन करा, टेलिमानस, नंबर १४४१६, सरकारचा आहे, रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. कँटीनमधल्या दारूचा कोटा पूर्ण उचललाच पाहिजे असा काही नियम नाही हे त्यांच्या एखाद्या बॅचवाल्याकडून त्यांच्या कानावर घाला, बायकोनं सांगितलं की भांडण होतं आणि बॅचवाल्यानं सांगितलं की ऐकतात, आमची जात अशीच आहे. आणि ताई, एक स्पष्ट सांगतो, हात उचलण्यापर्यंत गेलं तर फौजी आहे, देशासाठी राबलाय म्हणून गप्प बसायचं नाही. १८१ ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला, फोन करायचा आणि माहेरी सांगायचं.

नायब सुभेदार, पारनेर. सगळे मिळून बरे पैसे हातात येतायत. मेहुण्याच्या ओळखीचा एक जण महिन्याला चार टक्के देतो म्हणतोय. ठेवावे का?

नाही. एक रुपयाही नाही. महिन्याला चार टक्के म्हणजे वर्षाला जवळजवळ पन्नास टक्के, हे कुठल्याच धंद्यात बसत नाही, तो एकाचे पैसे दुसऱ्याला देत असतो आणि एक दिवस ऑफिसला कुलूप असतं. पेन्शन आलेल्या माणसाच्या घरी असले लोक बरोबर पोचतात, त्यांना तारीखसुद्धा माहीत असते.

हे पैसे कशाचे आहेत ते बघा. ग्रॅच्युइटी, ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे, एएफपीपी फंड (फौजेचा प्रॉव्हिडंट फंड), ग्रुप इन्शुरन्सची मॅच्युरिटी आणि कम्युटेशन. यातलं कम्युटेशन म्हणजे तुमचीच पुढची पेन्शन आधी घेतलेली, पन्नास टक्क्यांपर्यंत विकता येते आणि पंधरा वर्षांनी परत पूर्ण होते, म्हणजे तेवढी वर्षं महिन्याची पेन्शन कमी येणार. ते पैसे गेले तर दोन्हीकडून गेलात. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला ९ लाख आणि जॉइंटला १५ लाख ठेवता येतात. सीनियर सिटिझन स्कीमला बाकीच्यांना साठ वर्षं लागतात पण फौजेतून रिटायर झालेल्याला पन्नासाव्या वर्षीच उघडता येते, ती तुम्ही डोक्यात ठेवा. घर बांधायचंच असेल तर गावात बांधा पण आधी ठरवा की राहणार कुठं, पोरं पुण्यात शिकतायत आणि गावात दोन मजली बंगला कुलूप लावून, असे किती बंगले दाखवू.

मी शॉर्ट सर्व्हिसची मेजर, दहा वर्षं होतायत, पुढं वाढवायची नाहीये. पेन्शन नाही. मॅनेजमेंटला जावं का? (नाशिक)

मॅडम, जरूर. ऑफिसरांसाठी डीजीआरचे आयआयएमसारख्या संस्थांत साधारण सहा महिन्यांचे कोर्स असतात, फीचा साठ टक्के भाग डीजीआर भरतं आणि चाळीस तुम्हाला भरावा लागतो. पण कोर्सच्या नावावर जाऊ नका, त्या बॅचमधल्या माजी ऑफिसरांना फोन करून विचारा की नोकरी नक्की कशात मिळाली. यूपीएससीचा विचार असेल तर पाच वर्षं सर्व्हिस झालेल्या शॉर्ट सर्व्हिस ऑफिसरला वयात पाच वर्षांची सवलत आहे. आणि ईसीएचएस २०१९ पासून शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना एकरकमी पैसे भरून घेता येतं, हे बऱ्याच जणांना बाहेर पडल्यावर कळतं. मुलाखतीत "मी शंभर जवानांना कमांड केलं" एवढ्यावर थांबू नका, त्या शंभर जणांना घेऊन कोणतं काम किती दिवसांत, किती खर्चात उभं केलं ते सांगा.

काका, मी अग्निवीर आहे, पहिल्याच बॅचचा. चार वर्षं २०२६ च्या शेवटी संपतायत. दहावीवर भरती झालो. परमनंट झालो नाही तर काय? घरचे म्हणतात पैसे मिळतील त्यात ट्रॅक्टर घेऊ. (वाळवा तालुका)

बाळा, तू वेळेत विचारलंस. जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरं परमनंट होतात, तू त्यात असशील असं धरून जोर लाव, पण तयारी मात्र नसशील असं धरून कर.

सेवा निधीचे साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात, टॅक्स लागत नाही. त्यात निम्मे तुझ्याच पगारातून दर महिन्याला कापलेले तीस टक्के आहेत आणि तेवढेच सरकारनं घातलेत, वर व्याज. त्यानंतर पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कँटीन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही, म्हणजे वर हवालदारसाहेबांना सांगितलेला १५ टक्क्यांचा कोटा तुला लागू नाही. हे कडू आहे, पण तुला खरं माहीत असलेलं बरं. तुझ्यासाठी बीएसएफच्या शिपाई भरतीत आता पन्नास टक्के, आणि सीआरपीएफसारख्या बाकीच्या केंद्रीय दलांत आणि आसाम रायफल्समध्ये किमान दहा टक्के जागा आहेत, वयात तीन वर्षांची सूट आणि पहिल्या बॅचला पाच वर्षांची, तू पहिल्या बॅचचा आहेस म्हणजे तुला पाच. धावायला तुला कोण हरवणार नाही, पण लेखी परीक्षेत मार्क पडले तरच जागा, म्हणून गणित आणि रीझनिंगला आत्तापासून बस.

शिक्षण अर्धवट ठेवू नकोस. दहावीवाल्या अग्निवीरांना एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेतून बारावी करायची सोय आहे आणि इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी अशी आहे की निम्मे क्रेडिट तुझ्या सर्व्हिसमधल्या ट्रेनिंगचे धरतात. बावीस-तेविसाव्या वर्षी हातात पदवी आणि चार वर्षांची फौज असेल तर तुझ्या वयाच्या कॉलेजच्या पोरापेक्षा तू मागं नाहीस, त्याच्याकडं हे काहीच नसतं.

ट्रॅक्टरचं वडिलांशी बोल. शेती किती आहे, भाड्यानं काम मिळेल का, गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत हे त्यांच्यासोबत बसून कागदावर मांड, आणि तरीही पटलं तर सगळे नाहीत, एक हिस्सा दे. बाकीचे तुझ्या नावावर पोस्टात किंवा बँकेत ठेव, परीक्षा देत असताना दोन वर्षं पगार नसेल तर तेच तुला लागणार आहेत. आणि इग्नू, एनआयओएसच्या फॉर्मची चौकशी युनिटच्या एज्युकेशन हवालदाराकडं याच आठवड्यात कर, ॲडमिशनच्या तारखा निघून गेल्या तर पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागेल.